खेळाडूचा ‘तो’ आणि वस्तादांचे ‘ते’

मराठीत खेळाडूचा उल्लेख बहुधा एकवचनी होतो. सचिन खेळला, धनराज धावला, असेच आपण लिहितो आणि बोलतो. यात अनादर नसतो. उलट ज्याला आपण घरातला मानतो त्यालाच ‘अरे’ म्हणण्याची आपली रीत आहे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या, पद्म पुरस्काराने गौरवलेल्या माणसालाही वर्तमानपत्राचे क्रीडापान ‘तो’ म्हणते आणि वाचकाला ते खटकत नाही. तालमीत मात्र भाषा वेगळी होते. तिथे वस्ताद ‘येतात’, वस्ताद ‘सांगतात’, वस्तादांचा शब्द मोडता येत नाही. कालपर्यंत ‘तो’ असलेला पैलवान ज्या दिवशी आखाड्याच्या कडेला उभा राहून दुसऱ्याचा डाव सुधारू लागतो, त्या दिवसापासून तो आदरार्थी बहुवचनात जातो. खेळणे संपले आणि शिकवणे सुरू झाले, या अवस्थांतराची नोंद भाषेने आपल्या व्याकरणात करून ठेवली आहे.

हॉकीच्या बाबतीत ही नोंद झालेली नाही. तिथे ‘प्रशिक्षक’ हा शब्द आहे, पण तो नेमणुकीच्या पत्रातला शब्द आहे. त्याच्या मागे करार असतो, मुदत असते आणि मुदतीपूर्वी काढून टाकण्याची तरतूद असते. ‘वस्ताद’ हा शब्द फारसीतल्या ‘उस्ताद’वरून आला आणि मराठी मातीत रुळून नातेवाचक झाला, ‘प्रशिक्षक’ मात्र पदवाचकच राहिला. खेळाडूच्या आयुष्याचा उत्तरार्ध, म्हणजे त्याने जे कमावले ते पुढच्याच्या हाती देण्याचा काळ, याला आपण एक पद समजतो, आयुष्य समजत नाही. म्हणूनच आपली खेळाडूंची चरित्रे निवृत्तीच्या दिवशी संपतात. ही उणीव केवळ क्रीडालेखनाची नाही, चरित्र या वाङ्मयप्रकाराविषयीच्या आपल्या समजुतीची आहे, असे मला वाटते. पुण्याच्या धनराज पिल्ले याच्या कारकिर्दीच्या आधारे हे म्हणणे मांडायचे आहे.

धनराजचा जन्म १६ जुलै १९६८चा, खडकीचा. मराठी साहित्यातले पुणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पेठा येतात, फार तर डेक्कन आणि कोथरूड. नदीपलीकडची खडकी त्या पुण्यात क्वचितच सापडते. लष्कराची छावणी, दारूगोळ्याचा कारखाना, त्याच्या वसाहती, त्यांत तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी बोलणारी कामगारांची घरे, चर्च, मशीद, देवळे आणि मोकळी मैदाने असे ते गाव. पुण्याची हॉकी या गावात वाढली. ती शाळेच्या शिस्तीतून कमी आणि लष्कराच्या व कारखान्याच्या मैदानांवरून अधिक आली. धनराजचे वडील नागलिंगम पिल्ले हे कारखान्याच्या मैदानाची निगा राखत. पाच भावांपैकी चौथा असलेला हा मुलगा वसाहतीतल्या मुलांबरोबर, मोडलेल्या काठ्या आणि कुणीतरी टाकून दिलेले चेंडू घेऊन त्या मऊ, चिकट मातीवर खेळायला शिकला. डोळ्यांसमोर आदर्श होता तो महंमद शाहिद या खेळाडूचा. मैदानाशेजारी राहणाऱ्या मुलाला मैदान मिळाले, भावांच्या रूपाने प्रतिस्पर्धी मिळाले आणि ज्याची नक्कल करावी असा एक नमुना मिळाला. या तीन गोष्टींतून तो घडला.

येथे ‘स्वयंभू प्रतिभा’ हा शब्द अनेकांच्या लेखणीवर येतो. तो मला अर्धवट वाटतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर धनराज मुंबईला गेला तो थोरल्या भावाच्या, रमेशच्या, आधाराने. रमेश मुंबईच्या लीगमध्ये राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडून खेळत होता आणि स्वतः भारताकडून खेळलेला होता. पुढे महिंद्र अँड महिंद्रच्या संघात धनराजला ज्योकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले. कार्व्हालो मुंबईचे, १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळलेले. म्हणजे ज्याला आपण स्वयंभू म्हणतो त्याच्यामागे एक ग्राउंड्समन बाप, एक थोरला भाऊ आणि एक खेळाडू-प्रशिक्षक उभा होता. यांपैकी कुणाचे काम पदकांच्या यादीत येत नाही. चरित्रात ते पहिल्या दोन प्रकरणांत येते आणि नायक मैदानावर उतरला की नाहीसे होते.

कारकिर्दीचा तपशील अनेकांना ठाऊक आहे. तरी थोडक्यात मांडतो. १९८९च्या अखेरीपासून २००४च्या ऑगस्टपर्यंत धनराज भारताकडून ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. १९९२, १९९६, २००० आणि २००४ अशा चार ऑलिंपिक स्पर्धा, १९९० ते २००२ या काळात चार विश्वचषक आणि चार आशियाई क्रीडा स्पर्धा, शिवाय चार चॅम्पियन्स ट्रॉफी. १९९८ साली बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्ण जिंकले ते १९६६नंतर प्रथमच, बत्तीस वर्षांनी. २००३ साली क्वालालंपूरला आशिया चषक जिंकला तेव्हाही कर्णधार तोच होता. लंडन, लियाँ, श्टुटगार्ट, ढाका, क्वालालंपूर अशा ठिकाणच्या क्लबांसाठी तो पैसे घेऊन खेळला. त्या काळात भारतातला हॉकीपटू हा कंपनीचा, रेल्वेचा किंवा विमानसेवेचा नोकर असे. खेळ हाच व्यवसाय मानून खेळण्याची सोय परदेशी क्लबांतच होती. त्या अर्थाने धनराज हा आपल्या पहिल्या व्यावसायिक हॉकीपटूंपैकी एक.

या यशाबरोबरच दुसरी बाजूही आहे आणि तीच लोकांच्या अधिक लक्षात राहिली आहे. बँकॉकच्या सुवर्णानंतर अवघ्या काही आठवड्यांत धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. ‘विश्रांती’ हे त्याचे अधिकृत नाव होते. प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक यांनाही बाजूला करण्यात आले. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडविरुद्धची आघाडी शेवटच्या दोन मिनिटांत गेली, सामना १-१ असा सुटला आणि उपांत्य फेरीची दारे बंद झाली. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर प्रशिक्षक बदलून जर्मनीचे गेरहार्ड राख यांना आणण्यात आले. भारत सातवा आला आणि धनराजची कारकीर्द तिथे संपली. तीन वर्षांनी, २००७ साली, संदीप मिश्र यांनी लिहिलेले त्याचे इंग्रजी चरित्र आले. ‘फरगिव्ह मी अम्मा’ हे त्याचे शीर्षक. आईजवळ मागितलेली क्षमा हेच ज्या चरित्राचे नाव, ते शोकांतिकेच्या साच्यात बसणे अपरिहार्य होते. उदय, शिखर, अन्याय, अश्रू आणि पडदा. हा साचा खोटा नाही. परंतु ज्याच्या आयुष्याचा पडदा छत्तिसाव्या वर्षी पाडला गेला, तो माणूस त्यानंतरही जगतो आहे आणि काही करतो आहे, हे साच्यात मावत नाही.

तो काय करत राहिला? २००८ साली भारतीय हॉकी महासंघ बरखास्तीच्या अवस्थेत गेल्यावर नेमलेल्या तदर्थ समितीत तो होता. मुंबईत हॉकीची अकादमी उभारण्यासाठी त्याने प्रयत्न केले आणि त्यासाठी निधी जमवण्याचा एक वेगळाच मार्ग शोधला. कार्यालयांतून प्रिंटरची शाई संपलेली काडतुसे गोळा करायची आणि ती पुनर्वापरासाठी विकायची. पुढे गुजरातच्या क्रीडा प्राधिकरणाच्या हॉकी अकादमीशी त्याचे नाव जोडले गेले. चार ऑलिंपिक खेळलेल्या माणसाला मुलांना शिकवण्यासाठी रिकामी काडतुसे गोळा करावी लागावीत, या घटनेत कुणालाही चटकन उपहास दिसेल. मला त्यात दुसरे काही दिसते. नेमणूक मिळेपर्यंत वाट न पाहता शिकवण्याची जागा स्वतः तयार करण्याची ती धडपड होती. वडिलांनी मैदान राखले. मुलगा मैदान मिळवू पाहत होता. त्याच्या उत्तरार्धाचे हे प्रकरण मराठीत कुणी सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात नाही. सिडनीचे अश्रू मात्र सर्वांनी लिहिले आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उत्तम खेळणारा उत्तम शिकवतोच का? साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न नवा नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य श्रेष्ठत्वावरून भांडतात आणि निवाडा परिव्राजिकेकडे जातो. तिची भूमिका अशी की कुणाची कला त्याच्या स्वतःच्या ठायी उत्तम वसते, तर कुणाचे कौशल्य ती दुसऱ्यात उतरवण्यात असते. ज्याच्यापाशी दोन्ही असेल त्याला गुरूंमध्ये अग्रस्थान द्यावे. नाटकात या तत्त्वाचा उपयोग राजाला मालविका दिसावी एवढ्यासाठीच होतो हे खरे. पण परीक्षेची जी पद्धत ठरते ती मोलाची आहे. आचार्यांनी स्वतः नाचून दाखवायचे नाही. शिष्येने नाचायचे आणि त्यावरून आचार्यांची योग्यता ठरायची.

ही कसोटी घेऊन जगाकडे पाहिले तर दोन टोकांची उदाहरणे बर्फावरच्या हॉकीत सापडतात. कॅनडाचा वेन ग्रेट्झ्की हा त्या खेळातला सर्वश्रेष्ठ मानला जातो. २००५ ते २००९ अशी चार वर्षे तो फिनिक्सच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता आणि त्या चार वर्षांत संघ एकदाही बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही. स्कॉटी बोमन यांची खेळाडू म्हणून वाटचाल कुमारवयातल्या डोक्याच्या दुखापतीने खुंटली. ते त्या लीगमध्ये एकही सामना खेळले नाहीत. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या संघांनी नऊ वेळा स्टॅन्ली चषक जिंकला. मैदानी हॉकीत ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ यांच्यापाशी परिव्राजिकेच्या दोन्ही गोष्टी होत्या. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ते रौप्यविजेत्या संघात होते आणि प्रशिक्षक म्हणून त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला १९९६ आणि २००० अशी दोन ऑलिंपिक सुवर्णे, तर पुरुष संघाला २०१० आणि २०१४ असे दोन विश्वचषक मिळवून दिले. हेच चार्ल्सवर्थ २००८ साली तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात आले होते आणि त्याच वर्षी परतही गेले.

तेव्हा ‘मोठा खेळाडू म्हणजे मोठा प्रशिक्षक’ हे समीकरण टिकत नाही आणि त्याच्या उलटचेही टिकत नाही. ज्याच्या हाताला गोष्ट न शिकता आली आहे, त्याला ती कशी आली हे सांगता येत नाही. आणि जे सांगता येत नाही ते आपल्याला इतके सोपे का वाटते, हेही त्याला कळत नाही. वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाला याचा अनुभव असतो. ज्या कवितेचा अर्थ आपल्याला पहिल्या वाचनात उमगला ती शिकवणे सर्वांत अवघड. जिच्याशी आपण वर्षभर झुंजलो ती शिकवताना शब्द सापडतात. शिकवणे हे स्वतंत्र कसब आहे. ते अंगी यायला वेळ लागतो आणि त्या वेळात चुका करण्याची मुभा लागते. ग्रेट्झ्कीला ती चार वर्षे मिळाली. आपल्या हॉकीत किती मिळते, हे पाहण्यासारखे आहे.

धनराजचे मार्गदर्शक कार्व्हालो यांचेच उदाहरण घ्या. २००७ साली त्यांच्या प्रशिक्षणाखाली भारताने चेन्नईत आशिया चषक जिंकला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ७-२ असे हरवून. काही महिन्यांतच, मार्च २००८मध्ये, चिलीतल्या सँटियागोला ऑलिंपिक पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्रिटनकडून ०-२ अशी हार झाली. १९२८पासून चालत आलेली भारताची ऑलिंपिक उपस्थिती खंडित झाली आणि कार्व्हालो यांनी पद सोडले. कौशिक यांना सुवर्ण जिंकल्यावर जावे लागले, कार्व्हालो यांना हरल्यावर. जिंकण्या-हरण्याचा फरक जिथे निकालात पडत नाही, तिथे मूल्यमापन होत नाही, केवळ माणसे बदलतात. शिष्येचे नृत्य पूर्ण होण्याआधीच आचार्यांना रंगशाळेतून उठवावे, तसा हा प्रकार आहे. यात नुकसान एका व्यक्तीचे होत नाही. एका माणसाने दुसऱ्याच्या हाती द्यायची जी गोष्ट असते तिचा धागा तुटतो, आणि पुढच्याला पुन्हा मोडक्या काठीपासून सुरुवात करावी लागते.

धागा न तुटण्याचे उदाहरण याच पुण्यात आहे. हरिश्चंद्र बिराजदार १९६९चे महाराष्ट्र केसरी. पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले आणि १९७० साली एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. लातूर जिल्ह्यातून कोल्हापूरला आणि तिथून पुण्याला आलेले बिराजदार कुस्ती सुटल्यावर पुण्यातल्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले आणि २०११ साली निधन होईपर्यंत शिकवत राहिले. त्यांच्या हाताखाली काका पवार तयार झाले, अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले आणि त्यांनी पुढे कात्रजला स्वतःचे कुस्ती संकुल चालवले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आधी बिराजदारांकडे होता आणि वस्ताद गेल्यावर काका पवारांकडे आला. २०१८ साली गोल्ड कोस्टला त्याने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्य. जानेवारी २०२०मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यात झाली तेव्हा दोघेही काका पवारांच्याच तालमीतले होते. परिव्राजिकेच्या कसोटीला याहून पूर्ण उत्तर कोणते असेल?

हे का शक्य झाले? बिराजदारांची प्रतिभा धनराजपेक्षा मोठी होती म्हणून नव्हे. तालमीच्या रचनेतच वस्तादाची जागा आहे. पैलवान आणि वस्ताद एका छताखाली राहतात. पहाटेचा व्यायाम, माती, खुराक, दुखणे-खुपणे हे सगळे एकाच ठिकाणी होते. शिकवणे हे तासाचे काम नसते आणि त्याला मुदत नसते. कुस्तीतून बाहेर पडणाऱ्याला जायला जागा असते आणि ती जागा त्याच तालमीत, चार पावलांवर असते. म्हणून एकवचनाकडून बहुवचनाकडे जाण्याचा प्रवास तिथे सहज घडतो.

तालमीचे गोडवे गाण्याचा मात्र माझा हेतू नाही. त्या परंपरेच्या मर्यादा उघड आहेत. वस्तादांच्या शब्दाला आव्हान न देता येणे ही शिस्तही असते आणि जाचही. मुलींसाठी तालमीची दारे फार उशिरा आणि अपुरी उघडली. याउलट पुण्याच्याच एलिझा नेल्सन आणि रेखा मुंडफण १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी प्रथमच खेळली गेली तेव्हा भारतीय संघात होत्या, आणि १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार एलिझाच होती. हॉकी अधिक मोकळी होती, हे मान्य करायलाच हवे. तालमीकडून घ्यायची आहे ती श्रद्धा नव्हे, सातत्य.

या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. भारतीय पुरुष संघाने २०२१ साली टोकियोला एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळवले ते ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम रीड यांच्या प्रशिक्षणाखाली, आणि २०२४ साली पॅरिसला पुन्हा कांस्य मिळवले ते दक्षिण आफ्रिकेच्या क्रेग फुल्टन यांच्या. मग आपल्या जुन्या खेळाडूंचा आग्रह कशासाठी? शिवाय १९७६पासून ऑलिंपिक हॉकी कृत्रिम गवतावर आली, खेळ बदलला; खडकीच्या मातीवर कमावलेली मनगटाची जादू आजच्या मुलांना काय कामाची? यातले पहिले निरीक्षण खरे आहे. पण राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक तयार खेळाडू हाती घेतो. अकरा वर्षांच्या मुलाला काठी कशी धरायची हे दाखवायला फुल्टन येत नाहीत आणि येणे अपेक्षितही नाही. ते काम गावातल्याच माणसाला करावे लागते. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर असे की, मातीवरचा डाव जसाच्या तसा हिरव्या गालिच्यावर चालत नाही, हे ज्याने दोन्ही जागी खेळून पाहिले आहे तोच नीट सांगू शकतो. धनराजची पिढी नेमकी या उंबरठ्यावरची. तिने मातीवर शिकून गालिच्यावर खेळून दाखवले. तिच्यापाशी जे ज्ञान आहे ते पुस्तकात नाही, आणि ती पिढी आता साठीकडे निघाली आहे.

सुदैवाने काही उदाहरणे आशा वाटावी अशी आहेत. पी. आर. श्रीजेश २०२४ साली पॅरिसनंतर निवृत्त झाला आणि लगेच कनिष्ठ पुरुष संघाचा प्रशिक्षक झाला; त्याच वर्षअखेरीस मस्कतला त्या संघाने कनिष्ठ आशिया चषक जिंकला. पुण्यातला विक्रम पिल्ले २००१चा कनिष्ठ विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता, २००४ साली अथेन्सला धनराजबरोबर खेळला. त्याच्या नावाच्या अकादमीचा संघ पुण्याच्या स्थानिक स्पर्धांत उतरला आहे. स्थानिक स्पर्धेत उतरणे ही बातमी दोन ओळींची असते. माझ्या मते त्या दोन ओळी विजयाच्या वार्तेइतक्याच महत्त्वाच्या आहेत, कारण धागा जोडला जातो की तुटतो हे तिथेच कळते.

साहित्याच्या वाचकांपुढे हे सारे मांडण्याचे कारण असे की, ज्या आयुष्याला कथा सापडत नाही ते आयुष्य समाजाला दिसत नाही. ध्यानचंद यांचे आत्मचरित्र ‘गोल’ १९५२ साली प्रसिद्ध झाले. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत ते पुढे हॉकीचे प्रमुख प्रशिक्षक झाले; तो काळ त्या पुस्तकानंतरचा, म्हणून त्यात तो नाही. ध्यानचंद यांच्यावर आजवर जे बोलले-लिहिले जाते त्यातही तो जवळजवळ नाही. आहे ते बर्लिन आणि थेट १९७९च्या डिसेंबरातले दिल्लीच्या रुग्णालयातले अखेरचे दिवस. मधली वर्षे रिकामी. प्रशिक्षकाला कथा मिळाली ती २००७च्या ‘चक दे इंडिया’ या चित्रपटात. १९८२च्या आशियाई अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून १-७ अशी हार झाली तेव्हाचे गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्या आयुष्याशी या कथेचे नाते सांगितले जाते. चित्रपट लोकांना भिडला यात शंका नाही. पण त्याची रचना पाहा. नायक खेळाडू म्हणून अपमानित होतो आणि शिष्यांच्या विजयाने तो अपमान धुतला जातो. शिकवणे इथे प्रायश्चित्त आहे. ज्याने काही गमावलेले नाही, ज्याला कुणावर सूड उगवायचा नाही, ज्याला केवळ आपल्याला येते ते दुसऱ्याला यावे असे वाटते, अशा शिक्षकाची कथा त्या साच्यात बसत नाही. आपल्या चरित्रलेखनाचे आणि चित्रपटाचे दोन्ही साचे शेवटी खेळाडूच्या हारजितीभोवतीच फिरतात.

शिक्षकाच्या आयुष्याची गोष्ट वेगळ्या रीतीने सांगावी लागेल. तिला शिखर नसते. तिच्यात एकच दिवस शेकडो वेळा येतो. तोच पास, तीच चूक, तीच दुरुस्ती, फक्त मुले बदलतात. तिचा नायक अनेकदा चौकटीच्या बाहेर उभा असतो आणि त्याचे यश दुसऱ्याच्या नावावर जमा होते. कादंबरीने अशी आयुष्ये हाताळली आहेत. कारकुनाची, शेतकऱ्याची, गृहिणीची पुनरावृत्तीने भरलेली आयुष्ये मराठी गद्याला अपरिचित नाहीत. क्रीडाचरित्राने मात्र ते धाडस केलेले नाही. त्याला अजून गोल मोजायचे आहेत.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना सुचवावेसे वाटते की, खेळाडूचे चरित्र वाचताना आणि लिहिताना निवृत्तीनंतरची पाने आधी उघडावीत. ती कोरी असतील तर का कोरी राहिली, हे विचारावे. धनराजने किती गोल केले याचा हिशेब अनेकांनी मांडला आहे. त्याच्याकडे, विक्रमकडे, खडकीच्या मैदानांवर संध्याकाळी शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या आणि ज्यांची नावे कुठेच छापून येत नाहीत अशा माणसांकडे किती मुले शिकली, कोणत्या मैदानावर, किती वर्षे, आणि त्या मुलांपैकी कोण पुढे शिकवू लागले, याची नोंद कुणीतरी करायला हवी. पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागापासून खडकी फार दूर नाही. एखाद्या विद्यार्थ्याने वही घेऊन तिथे जावे आणि या माणसांना बोलते करावे, एवढेच काम सुरुवातीला पुरे. ‘तो’ लिहायचे की ‘ते’, हे त्यानंतर आपोआप ठरेल.